ललिता पवार : एका चेहऱ्याचा इतिहास

विशेषनामाचे सामान्यनाम झाल्याची काही उदाहरणे भाषेत आढळतात. कळ लावणाऱ्याला नारद म्हणतात, कपटी सल्लागाराला शकुनी म्हणतात आणि घरभेद्याला बिभीषण. ही सारी नावे पुराणांतली. चालू काळातील हाडामांसाच्या व्यक्तीच्या वाट्याला हा मान, किंवा हे दुर्दैव, सहसा येत नाही. ललिता पवार यांच्या वाट्याला ते आले. सुनेचा छळ करणाऱ्या सासूला 'ललिता पवार' म्हणण्याचा प्रघात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशभर पडला. नागपूर असो, इंदूर असो, बडोदे असो की दिल्ली असो, हे नाव उच्चारले की पुढे काही सांगावे लागत नसे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे किंचित मिटलेला डावा डोळा, आवळलेले ओठ आणि डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर आपोआप उभा राही.

ज्या बाईंच्या नावाचे असे झाले, त्यांची कारकीर्द मात्र या एका शब्दात मावणारी नव्हती. १९२८ च्या सुमारास बालनटी म्हणून त्या मूकपटात आल्या आणि १९९७ पर्यंत त्यांचे काम पडद्यावर येत राहिले. मूकपट, बोलपट आणि दूरचित्रवाणी ही तिन्ही माध्यमे त्यांनी पाहिली आणि तिन्हींत नाव मिळविले. अशा कारकिर्दीकडे पाहताना एक प्रश्न मनात येतो. प्रेक्षकांनी ज्या चेहऱ्याला दुष्टपणाची खूण मानले तो चेहरा कसा घडला, आणि त्या चेहऱ्यामागे जे कसब होते त्याला न्याय मिळाला काय?

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ चा. माहेरचे नाव अंबा, आडनाव सगुण. वडील लक्ष्मणराव हे नाशिक जिल्ह्यातील येवल्याचे व्यापारी. रेशमी व सुती मालाचा त्यांचा व्यापार होता. येवले हे पैठण्यांचे व पीतांबरांचे गाव. अशा खाऊनपिऊन सुखी घरातील मुलीने पडद्यावर काम करावे, ही गोष्ट त्या काळी सरळ नव्हती. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही आणि एका पुरुषाला लुगडे नेसवून वेळ भागवावी लागली, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यानंतर जेमतेम पंधरा वर्षांनी छोटी अंबा पुण्यात आर्यन फिल्म कंपनीच्या आवारात वावरू लागली. नानासाहेब सरपोतदारांनी ही कंपनी १९२७ साली काढली होती. पुढे लक्ष्मी रस्त्यावर 'पूना गेस्ट हाऊस' सुरू करणारे ते हेच नानासाहेब. पौराणिक, ऐतिहासिक व सामाजिक अशा सर्व तऱ्हेचे मूकपट त्यांच्या कंपनीत निघत आणि त्यांतूनच या मुलीचे शिक्षण झाले.

मूकपटाचे शिक्षण म्हणजे चेहऱ्याचे शिक्षण. नटाच्या तोंडी शब्द नसत. प्रसंगाचा अर्थ पडद्यावर उमटणाऱ्या चार ओळींच्या मजकुरावर आणि उरलेला सगळा भार डोळ्यांवर, भुवयांवर आणि हातांच्या हालचालींवर पडे. एखादी भावना प्रेक्षकाला कळली नाही, तर ती बोलून सावरण्याची सोय नव्हती. अंबाबाईंच्या पिढीतील नटनटींना ही शिस्त लहानपणीच लागली. पुढे शब्द आले, गाणी आली, तरी ओठ हलण्यापूर्वी डोळ्यांनी वाक्य सांगून टाकण्याची त्यांची सवय मोडली नाही. पुढच्या आयुष्यात त्यांच्या उपयोगी पडलेली सर्वांत मोठी विद्या हीच होती.

मूकपटांच्या अखेरच्या काळात त्या साहसपटांच्या नायिका झाल्या. दिग्दर्शक जी. पी. पवार यांच्याबरोबर त्यांनी काम केले; त्यांच्याशीच विवाह झाला आणि पवार हे आडनाव कायमचे लागले. १९३१ चा 'दिलेर जिगर' हा त्यांचा मूकपट सुदैवाने उरला आहे. भारतातील मूकपटांपैकी फारच थोडे काळाच्या, आगीच्या आणि हेळसांडीच्या तडाख्यातून वाचले. त्यांत याची गणना होते. यात ललिताबाई डोंबाऱ्याचे खेळ करणाऱ्या तरुणीच्या भूमिकेत आहेत. ही तरुणी पुढे वेष पालटते आणि अन्यायी सत्तेविरुद्ध स्वतः झुंज देते. ज्यांनी त्यांना केवळ उंबऱ्यात उभे राहून सुनेला टोमणे मारताना पाहिले आहे, त्यांनी ही चपळ, हसरी मुलगी पाहिली तर दोघी एकच आहेत यावर त्यांचा विश्वास बसणे कठीण आहे.

१९३१ च्या मार्चमध्ये 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि पडदा बोलू लागला. या बदलाने कित्येक नामांकित नटनटींना घरी बसविले. कोणाचा आवाज चांगला नव्हता, कोणाची जीभ हिंदुस्तानीला वळत नव्हती, कोणाला गाता येत नव्हते. पार्श्वगायनाची पद्धत रुळण्यापूर्वी नायिकेला स्वतःच गावे लागे. ललिताबाई या परीक्षेत उतरल्या. १९३५ च्या 'हिम्मते मर्दां' या चित्रपटाने बोलपटाची नायिका म्हणून त्यांचे नाव झाले. त्या केवळ नटी राहिल्या नाहीत, तर निर्मितीतही उतरल्या. १९३२ च्या 'कैलास' या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा भाग होता, आणि पुढे काही वर्षांनी त्यांनी 'दुनिया क्या है' हा बोलपट काढला. त्याचा आधार टॉल्स्टॉयची 'रिझरेक्शन' ही कादंबरी. न केलेल्या गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेली एक मोलकरीण आणि तिच्या अधःपाताला मुळात जबाबदार असूनही न्यायासनाच्या बाजूला बसलेला पुरुष, अशी ती कथा आहे. विशीतल्या एका नटीने पदरचे पैसे व प्रतिष्ठा पणाला लावून ही कथा निवडली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे त्यांच्या वाट्याला आलेल्या मोठ्या भूमिकांचा विचार करताना तिचे मोल अधिक कळते.

मराठी चित्रपटांतही त्यांची वाटचाल चालूच होती. भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर' मध्ये त्यांनी काम केले. वि. स. खांडेकरांच्या कथेवरील आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेल्या 'अमृत' (१९४१) मध्येही त्यांची भूमिका होती. वय पंचविशीचे, हाताशी अनुभव तेरा-चौदा वर्षांचा, आणि नायिका म्हणून अद्याप दहा-बारा वर्षे सहज पुढे असलेली. अशा वेळी घाला आला.

१९४२ साली 'जंगे आजादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात एक प्रसंग होता. मास्टर भगवान यांनी ललिताबाईंच्या थोबाडीत मारावयाची होती. भगवान हे मूकपटांपासून साहसपटांत वावरलेले, कमावलेल्या अंगाचे नट. त्या क्षणी हाताचा अंदाज चुकला आणि तडाखा खराच बसला. त्यात द्वेष नव्हता. मारामारीचे प्रसंग ज्या काळी पुरेशा तालमीवाचून चित्रित होत, त्या काळातील तो एक अपघात होता. परिणाम मात्र भयंकर झाला. डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि चेहऱ्याच्या एका बाजूला अर्धांगवायू झाला. उपचार दीर्घकाळ चालले. चेहरा पुष्कळसा सुधारला, पण डावा डोळा उजव्याहून लहान राहिला तो कायमचाच.

चित्रपटाच्या धंद्यात नायिकेचा चेहरा हे भांडवल असते. कारखान्यातील कामगाराचा हात यंत्रात सापडावा आणि त्याची रोजी जावी, तसा हा प्रकार होता. फरक इतकाच की, कामगारासाठी नुकसानभरपाईचा कायदा १९२३ पासून अस्तित्वात होता आणि नटीच्या चेहऱ्याची भरपाई करणारे कोणी नव्हते. नायिकेच्या भूमिका संपल्या. या ठिकाणी ललिताबाई थांबल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता, आणि आज त्यांचे नाव मूकपटांच्या अभ्यासकांखेरीज कोणाला माहीतही नसते. त्यांनी उलट मार्ग धरला. जो डोळा व्यंग म्हणून नायिकेच्या भूमिकेला अपात्र ठरला, त्याच डोळ्याला त्यांनी चरित्र-अभिनेत्रीच्या कामाला लावले.

या नव्या पर्वातील आरंभीचे मोठे काम म्हणजे प्रभात कंपनीचा 'रामशास्त्री' (१९४४). गजानन जागीरदार रामशास्त्री प्रभुणे झाले आणि ललिताबाई आनंदीबाई. मराठी माणसाला आनंदीबाईंची ओळख करून द्यावी लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे' या शब्दातील 'ध' चा 'मा' आनंदीबाईंनी केला अशी आख्यायिका रूढ झाली आणि खुनाचे सारे खापर त्यांच्या डोक्यावर फुटले. वास्तविक, रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितल्याची जी प्रसिद्ध हकीकत आहे, ती राघोबादादांना उद्देशून आहे. गादी हवी होती दादासाहेबांना. गारदी फितविले गेले ते त्यांच्यासाठी. पण लोकांच्या स्मरणात एक अक्षर बदलणारी बाई तेवढी ठळक राहिली. ललिताबाईंनी ही बाई पडद्यावर उभी केली ती पेशव्यांच्या घरात वाढलेल्या मानी, महत्त्वाकांक्षी आणि हुशार स्त्रीच्या रूपात. एका बाजूने किंचित आक्रसलेल्या त्या चेहऱ्यावर कारस्थान शोभून दिसले, हे खरे; परंतु त्या चेहऱ्यावर बुद्धीही दिसली. खलनायिका मूर्ख नसते, हे त्या भूमिकेने मराठी प्रेक्षकाला दाखविले.

पुढची वीस-पंचवीस वर्षे हिंदी चित्रपटसृष्टीत गेली. येथे एका गोष्टीची नोंद करणे उचित होईल. स्वातंत्र्योत्तर काळातील हिंदी पडद्यावरच्या ज्या आया देशाच्या स्मरणात राहिल्या, त्यांपैकी पुष्कळ जणी मराठीभाषक होत्या. दुर्गा खोटे, लीला चिटणीस, सुलोचना आणि ललिता पवार ही त्यांतील ठळक नावे. मराठी चित्रपटाने पौराणिक, ऐतिहासिक व सामाजिक कथांतून ज्या कसदार अभिनेत्री घडविल्या, त्यांना वय वाढल्यावर हिंदी चित्रपटाने आईच्या जागी बसविले. वय वाढल्यावर असे म्हणावयाचे, पण तेही खरे नव्हे. १९५२ च्या 'दाग' मध्ये ललिताबाई दिलीपकुमारांच्या आई झाल्या तेव्हा त्या छत्तीस वर्षांच्या होत्या आणि दिलीपकुमार त्यांच्याहून अवघ्या सहा वर्षांनी लहान होते. ज्या वयात पुरुष नट नायक म्हणून भरात येई, त्या वयात स्त्रीचे केस पांढरे रंगविले जात. त्यानंतर तिच्यासाठी धंद्याने दोन पाट मांडून ठेवले होते. एक रडणाऱ्या आईचा, दुसरा रडविणाऱ्या सासूचा. ललिताबाईंना बहुधा दुसरा पाट मिळाला.

त्याचे ठळक उदाहरण म्हणजे व्ही. शांताराम यांचा 'दहेज' (१९५०). हुंड्यापायी एका मुलीचा बळी कसा जातो, हे सांगणारा हा चित्रपट हुंडाबंदीचा केंद्रीय कायदा होण्यापूर्वी अकरा वर्षे आला. पृथ्वीराज कपूर मुलीचे वडील, जयश्री ही मुलगी आणि ललिताबाई सासू. चित्रपटगृहातील बायका या सासूला शिव्याशाप देत उठत. त्या संतापाचे कारण शोधले तर ते नटीच्या चेहऱ्यात कमी आणि प्रेक्षकांच्या घरात जास्त सापडते. जात्यावरच्या ओव्यांतून पिढ्यान् पिढ्या ज्या सासुरवासाची गाऱ्हाणी मांडली गेली, तो सासुरवास बायका पडद्यावर पाहत होत्या. घरी जिला उलट उत्तर करता येत नव्हते, तिचा येथे अंधारात बसून मनसोक्त द्वेष करता येत होता.

पण ही सासू येते कोठून? आठ-दहा वर्षांची असताना जिचे लग्न झाले, जिने अर्धे आयुष्य मान खाली घालून काढले, जिच्या नावावर शेत नाही की घर नाही, तिच्या हाती प्रौढपणी एकच सत्ता येते. ती म्हणजे किल्ल्यांचा जुडगा आणि मुलाची बायको. मुलगा बायकोचा झाला तर आपले काय, हे भय तिला रात्रंदिवस जाळीत असते. त्या भयातून तिची जरब जन्मते. ललिताबाईंच्या सासवा नीट पाहिल्या तर हे भय दिसते. सून बोलत असताना त्या आधी मुलाकडे पाहतात. शब्द नंतर येतात. मूकपटातील ती जुनी सवय येथे फळाला आली. सामान्य नटीने नुसता राग दाखविला असता. ललिताबाई रागाच्या आधीची क्षणभराची धास्ती दाखवीत, आणि म्हणूनच त्यांचा राग खरा वाटे.

काळाचा ठसा त्यांच्या दुसऱ्या एका भूमिकेवर स्पष्ट उमटलेला आहे. १९५५ साली संसदेने हिंदू विवाह कायदा संमत केला आणि हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मिळाला. त्याच वर्षी गुरुदत्तांचा 'मिस्टर अँड मिसेस ५५' आला. त्यात ललिताबाई सीतादेवी नावाच्या श्रीमंत, पुरुषद्वेष्ट्या, स्त्रीहक्कांच्या पुरस्कर्त्या बाई झाल्या. भाचीचे लग्न केवळ मृत्युपत्रातील अटीपुरते करावयाचे आणि लगेच मोडावयाचे, असा त्यांचा बेत असतो. चित्रपट मनोहर आहे. पण त्यातील हशा कोणाच्या खर्चाने पिकविला आहे, हे आज लपत नाही. कायद्याला भ्यालेल्या समाजाने आपली धास्ती या एका पात्रावर ओतली आणि ते पात्र वठविण्यासाठी ललिताबाईंनाच बोलाविले. सासू असो वा सुधारक असो, हुकूम करणारी स्त्री म्हटली की तो चेहरा हवाच, असे समीकरण झाले होते.

याच काळात काही दिग्दर्शकांनी या समीकरणापलीकडे पाहिले, हे त्यांचे आणि प्रेक्षकांचे भाग्य. राज कपूर यांच्या 'श्री ४२०' (१९५५) मध्ये त्या मुंबईच्या रस्त्यावर केळी विकणारी गंगामाई झाल्या. तोंडाने फटकळ, हिशोबाला चोख आणि भुकेल्याला उपाशी जाऊ न देणारी ही बाई मुंबईकरांनी नाक्यानाक्यावर पाहिलेली होती. चार वर्षांनी हृषीकेश मुखर्जींच्या 'अनाडी' (१९५९) मध्ये हीच छटा पूर्ण चित्र झाली. मिसेस डिसा ही एकटी, ख्रिस्ती घरमालकीण. भाडे थकविणाऱ्या तरुणाला ती दिवसभर फैलावर घेते आणि लेकरासारखी त्याची काळजी वाहते. एका औषध-कंपनीच्या सदोष औषधाने तिचा मृत्यू होतो आणि तिला आई मानणाऱ्या त्या मुलावरच विषप्रयोगाचा आरोप येतो. चित्रपटाचा सारा नैतिक भार या मृत्यूवर तोललेला आहे. प्रेक्षकाने मिसेस डिसावर जीव लावला नसता, तर पुढच्या खटल्याला काही अर्थच उरला नसता. प्रेक्षकाने जीव लावला. या भूमिकेसाठी ललिताबाईंना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

मिसेस डिसासाठी त्यांनी दुसरा चेहरा आणला नव्हता. तोच लहान डोळा, तीच कडक जीभ, तोच आवळलेला ओठ. 'अनाडी' च्याच वर्षी बिमल रॉय यांच्या 'सुजाता' मध्ये त्यांनी घरातील कर्मठ वडीलधारी स्त्री रंगविली. अस्पृश्य जातीच्या अनाथ मुलीची सावली घरात नको, म्हणून ती सारखी कुरकुर करीत राहते. एकाच वर्षी एकाच चेहऱ्यातून एक बाई परक्या पोराला पोटाशी धरते आणि दुसरी घरात वाढलेल्या पोरीला परके ठरविते. प्रेक्षकाला एकीचा लळा लागतो, दुसरीची चीड येते. डोळ्याच्या व्यंगामुळे बाई दुष्ट दिसत, हे मत मान्य करावयाचे तर मिसेस डिसाचे काय करावयाचे, याचे उत्तर द्यावे लागते.

साठीच्या दशकाचा आरंभ हा त्यांच्या कीर्तीचा मध्यान्ह होय. १९६१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला. त्याच वर्षी हृषीकेश मुखर्जींनी 'मेमदीदी' काढला आणि त्यातील मुख्य भूमिका ललिताबाईंना दिली. पंचेचाळिशीच्या चरित्र-अभिनेत्रीच्या पात्रावरून चित्रपटाचे नाव ठेवणे, ही त्या धंद्यात विरळा घडणारी गोष्ट. 'जंगली' (१९६१) मध्ये घरात हसण्याला बंदी घालणारी आई त्यांनी केली. पुढच्या वर्षीच्या 'प्रोफेसर' मध्ये तर त्यांनी स्वतःच्या प्रतिमेलाच चिमटा काढला. भाच्यांवर करडी नजर ठेवणारी सीतादेवी म्हातारपणाचे सोंग घेतलेल्या शिक्षकावर भाळते, आरशापुढे थबकते, केस सारखे करते. प्रसंग विनोदी आहे. परंतु प्रेक्षक हसता हसता थांबतो, कारण ज्या स्त्रीला कोणी तारुण्यात जवळ केले नाही, तिची ओढ त्या दोन-चार हालचालींत प्रकट होते. पुढे 'आनंद' (१९७१) मध्ये हृषीकेश मुखर्जींनी त्यांना रुग्णालयातील कडक शिस्तीच्या मेट्रनची भूमिका दिली आणि तिचे आडनाव पुन्हा डिसाच ठेवले. जुन्या प्रेक्षकाला ती खूण पटली असणार.

यानंतरचा काळ चरित्र-अभिनेत्रींना फारसा सुखाचा नव्हता. हिंदी चित्रपट मारधाडीकडे वळला, घरातल्या सासवासुनांच्या कथा मागे पडल्या आणि ललिताबाईंच्या वाट्याला लहानसहान कामे येऊ लागली. त्यांची कारकीर्द हळूहळू विझत जाईल असे वाटत असतानाच एका नव्या माध्यमाने त्यांना हाक दिली.

२५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर रामानंद सागर यांच्या 'रामायण' मालिकेचे प्रक्षेपण सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत ते चालले. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, खेड्यात एका संचाभोवती सारे गाव जमे, हे त्या काळच्या लोकांनी अनुभवलेले आहे. या मालिकेत सत्तरी गाठलेल्या ललिताबाई मंथरा झाल्या. १९६१ च्या 'संपूर्ण रामायण' चित्रपटातही त्यांनी ही भूमिका केली होती. परंतु दूरचित्रवाणीचा प्रेक्षक निराळा. तो घरात, जवळून, कुटुंबासह पाहणारा. चित्रपटगृहाच्या भव्य पडद्यापेक्षा या लहान चौकटीत चेहऱ्याला महत्त्व अधिक, आणि चेहऱ्याचीच विद्या ललिताबाईंनी साठ वर्षांपूर्वी मूकपटात घेतली होती. कैकेयीच्या कानाशी वाकलेली कुबडी दासी बोलत असते, तेव्हा तिची नजर सतत राणीच्या मुद्रेवर असते. शब्द किती रुजला हे ती डोळ्यांनी मोजते आणि मग पुढचा शब्द पेरते.

रामकथेतही मंथरेची स्थिती आनंदीबाईंसारखीच आहे. वर दिले होते दशरथाने, मागून घेतले कैकेयीने. पण लोकांचा तळतळाट दासीला लागला. तुलसीदासांनी तर देवांच्या विनवणीवरून सरस्वतीने तिची बुद्धी फिरविली असे सांगून तिचा दोष पुष्कळसा देवांकडे वळविला आहे. तरीही देशातल्या कोणत्याही घरात मुलीचे नाव मंथरा ठेवीत नाहीत. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगणारी टॉल्स्टॉयची मोलकरीण, इतिहासाने दोषी धरलेली आनंदीबाई आणि पुराणाने दोषी धरलेली मंथरा, अशा तीन स्त्रिया या एका कारकिर्दीत भेटतात. पहिलीची कथा ललिताबाईंनी स्वतः निवडली होती. पुढच्या दोघी त्यांच्याकडे चालून आल्या. मंथरा निर्दोष आहे असे त्यांनी दाखविले नाही; तसे दाखविणे कथेशी प्रतारणा ठरली असती. तिच्या मनात कैकेयीविषयी माया आहे, आणि राज्य दुसरीच्या मुलाकडे गेल्यास आपल्या मालकिणीचे आणि आपले स्थान उरणार नाही हे भय आहे, एवढे त्यांनी दाखविले. 'दहेज' मधल्या सासूच्या नजरेत जी धास्ती होती, तीच येथे राजवाड्यात दिसते.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात ललिताबाईंचे निधन झाले. ज्या गावात बालपणी त्यांनी पहिल्यांदा यंत्रापुढे उभे राहून अभिनय केला, त्याच गावात शेवट झाला. वयाची ब्याऐंशी वर्षे पुरी होण्यास काही आठवडे उरले होते.

कलावंताला न्याय मिळाला की नाही, हे ठरविण्याचे माप कोणते? पुरस्कार हे एक माप आहे आणि ते त्यांना मिळाले. लोकांच्या तोंडी नाव राहणे हे दुसरे माप, आणि त्यात त्यांची बरोबरी करणारे फार थोडे. तथापि ज्या अर्थाने ते नाव राहिले, तो अर्थ अपुरा आहे. लोक म्हणत, ललिता पवार पडद्यावर आली की दूध नासते. या बोलण्यात प्रशस्ती होती आणि अन्यायही होता. कारण त्यात अभिनयाचे सारे श्रेय एका अपघाताला दिले जात होते. अपघाताने एक डोळा लहान केला, याहून अधिक काही केले नाही. त्या डोळ्यातून धास्ती, लोभ, माया, अहंकार आणि उशिरा जागलेले प्रेम पाहावयास शिकविले ते त्या बाईंनी.

२०२० च्या मार्चअखेरीस देशभर टाळेबंदी असताना दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखविले. घराघरांत कोंडलेल्या लोकांनी ते पाहिले. त्यांत ज्यांचा जन्म ललिताबाईंच्या मृत्यूनंतर झाला, अशी मुले लाखोंनी होती. या मुलांना 'दहेज' ठाऊक नव्हता, 'अनाडी' ठाऊक नव्हता, १९४२ ची ती थप्पडही ठाऊक नव्हती. त्यांनी कोपभवनाच्या वाटेवर काठी टेकीत जाणारी एक म्हातारी पाहिली आणि ती त्यांना खरी वाटली. येवल्याच्या अंबा सगुणला मूकपटाच्या अंगणात जे शिकविले गेले होते, ते ब्याण्णव वर्षांनंतरही प्रेक्षकाला शब्दावाचून कळत होते.